पराभव आधीच ओळखलेला दर्यासारंग

२९ नोव्हेंबर १९४४ची सकाळ. जपानच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘शिनानो’ नावाची एक अजस्र विमानवाहू नौका कलंडत कलंडत तळाशी गेली. सुमारे ७० हजार टनांचे हे धूड तोवरच्या सर्व विमानवाहू नौकांमध्ये सर्वांत मोठे होते. नौदलात दाखल होऊन तिला अवघे १० दिवस झाले होते आणि योकोसुका बंदर सोडून जेमतेम १७ तास. ‘आर्चरफिश’ या अमेरिकी पाणबुडीने सोडलेले चार पाणतीर तिला पुरेसे ठरले. तिच्याबरोबर १,४००हून अधिक माणसे बुडाली.

‘शिनानो’ मुळात विमानवाहू नौका म्हणून जन्मलीच नव्हती. प्रचंड तोफा आणि जाड पोलादी चिलखत मिरवणाऱ्या ‘यामातो’ वर्गातील ती तिसरी बॅटलशिप व्हायची होती. अशा नौकांवर पैसा ओतू नका, पुढचे युद्ध विमाने जिंकतील, असे जपानी नौदलातील एक अधिकारी वर्षानुवर्षे सांगत आला होता. त्याचे म्हणणे पटायला जपानला एक मोठा पराभव सोसावा लागला. पटले तेव्हा उशीर झाला होता आणि ‘शिनानो’ बुडाली तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूलाही १९ महिने उलटून गेले होते. त्या अधिकाऱ्याचे नाव अॅडमिरल इसोरोकू यामामोटो.

यामामोटो यांचा जन्म ४ एप्रिल १८८४ रोजी निगाता प्रांतातील नागाओका या हिमवर्षावाच्या गावी झाला. त्यांचे मूळ आडनाव ताकानो. जन्माच्या वेळी वडील ५६ वर्षांचे होते, म्हणून मुलाचे नावही ठेवले इसोरोकू, म्हणजे छपन्न. घराणे सामुराईंचे, पण पडत्या काळातले. १८६८च्या यादवीत नागाओकाचे संस्थान सम्राटाच्या पक्षाविरुद्ध लढले आणि हरले. पराभूतांच्या गावातील या मुलाला बुद्धी आणि कष्ट यांच्याच बळावर वर यावे लागले. पुढे १९१६मध्ये नागाओकातीलच यामामोटो या प्रतिष्ठित घराण्याने त्यांना दत्तक घेतले आणि त्या नावानेच जगाने त्यांना ओळखले.

एताजिमा येथील नौदल अकादमीतून १९०४मध्ये ते बाहेर पडले तेव्हा रशियाशी युद्ध सुरू होते. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचे आरमार बुडवले. ‘निश्शिन’ या क्रूझरवर असलेल्या २१ वर्षांच्या इसोरोकूंनी त्या लढाईत डाव्या हाताची दोन बोटे गमावली. त्सुशिमाच्या विजयाने जपानी नौदलाच्या मनावर एक समजूत कायमची कोरली गेली. शत्रूचे आरमार आपल्या किनाऱ्याकडे येऊ द्यायचे आणि मोठ्या तोफांच्या एकाच निर्णायक लढाईत त्याचा निकाल लावायचा, ही ती समजूत. त्याच लढाईच्या खुणा अंगावर वागवणारा हा तरुण पुढे या समजुतीचा सर्वांत मोठा विरोधक ठरला, हे विशेष.

त्याला कारण झाली अमेरिका. १९१९ ते १९२१ या काळात ते हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी शिकले आणि १९२६पासून दोन वर्षे वॉशिंग्टनच्या जपानी दूतावासात नौदल प्रतिनिधी होते. पत्त्यांचा आणि पटावरच्या खेळांचा त्यांना विलक्षण नाद, मद्याला मात्र ते शिवत नसत. जुगाऱ्याला समोरच्याच्या हातातील पत्त्यांचा अदमास लागतो, तसा त्यांना अमेरिकेचा लागला. तेथील तेलविहिरी आणि मोटारींचे कारखाने पाहून आलेला माणूस अमेरिकेशी दीर्घ युद्ध करण्याची भाषा हलकेपणाने बोलू शकत नव्हता.

या दोन मुक्कामांच्या मधल्या काळात, १९२४मध्ये, चाळिशीतील यामामोटो कासुमिगाउरा येथील नौदलाच्या विमानविद्यालयात रुजू झाले. तोफखान्याच्या विद्येत तयार झालेल्या या अधिकाऱ्याने तेथे स्वतः विमान चालवायचे धडे घेतले.

त्याच सुमारास जपानच्या गोद्यांमध्ये एक वेगळेच काम चालू होते. १९२२च्या वॉशिंग्टन कराराने मोठ्या युद्धनौकांच्या संख्येला लगाम घातला. ब्रिटन व अमेरिका प्रत्येकी पाच तर जपान तीन, असे प्रमाण ठरले. अर्धवट बांधलेल्या नौका मोडीत काढणे भाग होते, पण त्यातील दोन विमानवाहू करून घेण्याची मुभा करारात होती. जपानने ‘अमागी’ आणि ‘आकागी’ या दोन बॅटलक्रूझर निवडल्या. १ सप्टेंबर १९२३च्या महाभूकंपात योकोसुकाच्या गोदीतील ‘अमागी’चा सांगाडाच वाकला. तिच्या जागी भंगारात जाण्याची वाट पाहणारी ‘कागा’ ही बॅटलशिप घेण्यात आली. अशा रीतीने एक तह आणि एक भूकंप यांच्यामुळे जपानच्या दोन मोठ्या विमानवाहू नौका जन्माला आल्या. जुना विचार त्यांच्या अंगातून लगेच गेला नाही. सुरुवातीला दोन्ही नौकांवर एकावर एक अशी तीन मजली धावपट्टी होती आणि जोडीला २० सेंटिमीटर व्यासाच्या १० तोफाही होत्या. तीन मजल्यांच्या जागी एकच लांबलचक धावपट्टी यायला १९३०चे दशक अर्धे सरावे लागले.

डिसेंबर १९२८मध्ये यामामोटो ‘आकागी’चे कप्तान झाले आणि १९३३मध्ये याच नौकेवरून त्यांनी पहिल्या विमानवाहू तुकडीचे नेतृत्व केले. मधल्या काळात नौदलाच्या विमान विभागातील तांत्रिक कामाची सूत्रे त्यांच्याकडे होती. जमिनीवरून उडून समुद्रात दूरवर मारा करणारी बॉम्बफेकी विमाने ही त्यांच्याच आग्रहाची फळे. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन बलाढ्य ब्रिटिश नौकांना जलसमाधी देणारी विमाने याच परंपरेतली होती. मात्र ही दूरदृष्टी निष्पाप होती, असे म्हणता येत नाही. ऑगस्ट १९३७पासून नौदलाच्या याच विमानांनी चिनी शहरांवर बॉम्बवर्षाव केला. त्या वेळी यामामोटो नौदलाचे उपमंत्री होते.

उपमंत्रिपदाच्या या काळात, १९३६ ते १९३९ या वर्षांत, त्यांच्या स्वभावाचे दुसरे अंगही दिसले. जर्मनी आणि इटलीशी लष्करी करार करण्यासाठी लष्कर अधीर झाले होते. असा करार अमेरिका व ब्रिटन यांच्याशी युद्ध ओढवून घेईल, हे ओळखून यामामोटो यांनी त्याला कसून विरोध केला. अतिरेकी राष्ट्रवाद्यांकडून त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. अखेर ऑगस्ट १९३९मध्ये त्यांची नेमणूक संयुक्त ताफ्याचे सरसेनापती म्हणून झाली. टोकियोतील मारेकऱ्यांपासून त्यांना दूर ठेवणे, हाही त्यामागील एक हेतू होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४०मध्ये, तो करार झालाच. पंतप्रधान कोनोए यांनी विचारले तेव्हा पहिले सहा महिने किंवा वर्षभर आपण धडाक्याने लढू, त्यापुढचा भरवसा देता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

बॅटलशिपचा वादही ते हरलेच होते. त्यांचा विरोध डावलून १९३७मध्ये कुरे येथे ‘यामातो’च्या बांधणीला सुरुवात झाली. ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा असलेली ही जगातील सर्वांत मोठी बॅटलशिप. तिच्यामागून ‘मुसाशी’ आली आणि १९४०मध्ये तिसरी, म्हणजे ‘शिनानो’, हाती घेण्यात आली.

युद्ध नको म्हणणाऱ्या या सेनापतीने युद्ध अटळ दिसताच त्याची सर्वांत धाडसी योजना आखली. पहिल्याच घावात अमेरिकेचा पॅसिफिक ताफा पंगू करायचा, म्हणजे वाटाघाटींना वेळ मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. नौदलाच्या मुख्यालयाला हा जुगार मान्य नव्हता, तेव्हा राजीनाम्याची धमकी देऊन त्यांनी तो मंजूर करून घेतला. युद्ध थांबवण्यासाठी त्यांनी हे अस्त्र कधी उपसले नाही, पण आपल्या योजनेसाठी उपसले. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी सहा विमानवाहू नौकांवरून उडालेल्या सुमारे ३५० विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला चढवला. ‘आकागी’ ध्वजनौका होती आणि ‘कागा’ तिच्या सोबत. २,४०० अमेरिकी मृत्युमुखी पडले. आठही बॅटलशिपना मार बसला, पण त्यातील सहा दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर आल्या. अमेरिकेच्या विमानवाहू नौका मात्र त्या दिवशी बंदरात नव्हत्या. वाटाघाटी संपल्याचा जपानी खलिता वॉशिंग्टनमध्ये हल्ल्यानंतर पोचला. कच खाईल असे वाटलेली अमेरिका संतापाने एकवटली. हल्ला लष्करीदृष्ट्या चमकदार होता, पण ज्यासाठी तो केला तो हेतूच त्याने उधळून लावला.

पुढचे चार महिने विजयाचे होते. एप्रिल १९४२मध्ये ‘आकागी’सह पाच विमानवाहू नौका हिंदी महासागरात शिरल्या. कोलंबो आणि त्रिंकोमालीवर बॉम्ब पडले आणि ब्रिटनची ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका बुडाली. दुसऱ्या एका जपानी ताफ्याच्या विमानांनी ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथेही बॉम्ब टाकले. १८ एप्रिलला अमेरिकी विमाने टोकियोवर बॉम्ब टाकून गेली आणि हवा बदलली. अमेरिकेच्या विमानवाहू नौकांचा कायमचा बंदोबस्त करण्यासाठी यामामोटो यांनी मिडवे बेटाची मोहीम आखली. ती गुंतागुंतीची होती, ताफा विखुरलेला होता आणि जपानचे सांकेतिक संदेश अमेरिकेने उलगडले होते. ४ जून १९४२ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास अवघ्या काही मिनिटांत ‘आकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ पेटल्या. त्याच दिवशी ‘हिर्यू’ही गेली. एकट्या ‘कागा’वर ८००हून अधिक जण मरण पावले. यामामोटो तेव्हा शेकडो मैल मागे होते आणि तेही कुठे, तर ज्या ‘यामातो’ला त्यांनी विरोध केला होता तिच्यावर. तिच्या तोफांना त्या लढाईत एकही लक्ष्य मिळाले नाही. पर्ल हार्बरनंतर सहा महिनेही पुरे झाले नव्हते.

मिडवेचा पराभव जपानी जनतेपासून लपवून ठेवण्यात आला. नौदलाला मात्र तो नाकारता आला नाही. ‘शिनानो’चे रूपांतर विमानवाहू नौकेत करण्याचा निर्णय तेव्हा झाला. तोवर वैमानिकांची कसलेली पिढी खर्ची पडू लागली होती. ग्वाडलकॅनालच्या झुंजीने ती आणखी झिजवली.

एप्रिल १९४३मध्ये आघाडीवरील सैनिकांना धीर देण्यासाठी यामामोटो रबाऊलहून दौऱ्यावर निघाले. दौऱ्याचा तपशील सांगणारा संदेश अमेरिकेने वाचला होता. १८ एप्रिलला बूगनव्हिल बेटावर १६ अमेरिकी लढाऊ विमानांनी त्यांना गाठले. त्यांचे बॉम्बफेकी विमान जंगलात कोसळले. दूरचा पल्ला गाठता यावा म्हणून ज्यांच्या इंधनटाक्यांना पुरेसे संरक्षण दिले गेले नव्हते, अशा विमानांपैकीच ते एक होते. त्यांच्या अस्थी ‘मुसाशी’वरून मायदेशी आल्या आणि ५ जूनला टोकियोत शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

ऑक्टोबर १९४४मध्ये ‘मुसाशी’ आणि एप्रिल १९४५मध्ये ‘यामातो’ विमानांच्या माऱ्यात बुडाली. दोघींच्या मधे ‘शिनानो’ पाणबुडीला बळी पडली. यामामोटो यांचे भाकीत असे तिन्ही बहिणींनी खरे केले. १ ऑगस्ट १९४५च्या रात्री अमेरिकी विमानांनी नागाओका जाळले आणि त्यात १,४००हून अधिक नागरिक होरपळून मेले. युद्ध आणखी दोनच आठवडे चालणार होते.

२०१२मध्ये नागाओका आणि होनोलुलू ही भगिनी शहरे झाली. २०१९मध्ये मिडवेजवळ ५ हजार मीटरहून अधिक खोलीवर ‘कागा’ आणि ‘आकागी’ यांचे अवशेष सापडले. नागाओकातील स्मृतिसंग्रहालयात यामामोटो यांच्या विमानाचा तुटका पंख जपून ठेवला आहे. युद्धाची किंमत आधी सांगूनही ज्याने ती स्वतःच्या हाताने मोजायला घेतली, त्या माणसाचे यापेक्षा बोलके स्मारक दुसरे नसेल.