छोट्या माणसांचा कथाकार : टॉल्किन

दुष्ट सत्तेशी झुंजायला निघालेल्या वीरांच्या कथा मुलांना आणि मोठ्यांनाही का आवडतात? ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्यांतली अतिशय गाजलेली कथा. २००१ ते २००३ मध्ये तिच्यावर तीन चित्रपट आले. पण तिचे लेखक श्रद्धावंत कॅथलिक होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

जे. आर. आर. टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई मेबल तेव्हा दोन्ही मुलांसह इंग्लंडमध्ये होती. १९०० साली तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. नातेवाइकांना ते रुचले नाही आणि त्यांनी पैशाची मदत थांबवली. गरिबी सोसून तिने मुलांना श्रद्धेत वाढवले. १९०४ साली मधुमेहाने तिचे निधन झाले; इन्सुलिनचा शोध तेव्हा लागायचा होता. टॉल्किन आयुष्यभर आईला रक्तसाक्षी मानत. पोरक्या भावंडांचा सांभाळ बर्मिंगहॅमचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला.

२२ मार्च १९१६ रोजी एडिथ ब्रॅट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही महिन्यांतच ते फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर होते. चिखल, खंदक आणि प्रेते त्यांनी जवळून पाहिली. तापाने आजारी पडल्यामुळे ते मायदेशी परतले. युद्ध संपले तेव्हा जिवलग मित्रांपैकी एकच जिवंत उरला होता.

पुढे ते ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक झाले. चार मुलांच्या या पित्याने मुलांना गोष्टी सांगता सांगता ‘द हॉबिट’ लिहिले. ते १९३७ साली प्रसिद्ध झाले. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आले.

या कथेत जगावर सत्ता गाजवण्याचे बळ देणारी एक अंगठी आहे. ती वापरायची नाही, नष्ट करायची आहे. हे काम राजाकडे वा योद्ध्याकडे न जाता फ्रोडो या बुटक्या, साध्या हॉबिटकडे येते. सोबतीला त्याचा माळी सॅम असतो. अखेरच्या क्षणी फ्रोडोही मोहाला बळी पडतो आणि अंगठी स्वतःकडे ठेवू पाहतो. मग ती नष्ट होते कशी? ज्या दुष्ट गॉलमला बिल्बोने आणि फ्रोडोने पूर्वी दया दाखवून जिवंत सोडले होते, तोच ती हिसकावतो आणि तिच्यासह आगीत कोसळतो. ही घटना टॉल्किन यांनी २५ मार्च रोजी घडवली आहे. त्या दिवशी ख्रिस्तसभा देवदूताने मरीयामातेला दिलेल्या संदेशाचा सण साजरा करते.

कथेत देऊळ नाही, प्रार्थनाविधीही जवळजवळ नाहीत. तरी तिचा पाया कॅथलिक आहे, असे टॉल्किन यांनी एका धर्मगुरू मित्राला कळवले होते. वाचक तिच्याकडे ओढले जातात, कारण त्यांना तिथे आपलीच लढाई दिसते. आपण दुर्बळ आहोत, मोह बलवान आहे. आपली ताकद संपते, तिथे कधीतरी केलेली दया कामी येते.

२ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन प्रभूघरी गेले. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा त्यांचे थोरले चिरंजीव फादर जॉन यांनी अर्पण केली. आईने गरिबी सोसून जपलेली श्रद्धा नातवाच्या हातून वेदीवर पोहोचली होती.

या आठवड्यात मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, आणि कुणाला क्षमा करायची राहिली असेल, तर तीही करून टाका.