आल्फ्रेड ब्यूखी

२३ सप्टेंबर २०२२ रोजी बीड जिल्ह्यातील आष्टी हे गाव प्रवासी रेल्वेने नगरशी जोडले गेले. सुमारे ६६ किलोमीटरच्या त्या लोहमार्गावर धावलेली पहिली गाडी डिझेलवर चालणारी होती. अशा गाड्यांच्या इंजिनाला एक लहानसे यंत्र जोडलेले असते. त्याला टर्बोचार्जर म्हणतात. ते ज्याच्या बुद्धीतून निघाले, त्या आल्फ्रेड ब्यूखी याचे नाव इंजिने बांधणाऱ्यांना चांगले परिचित आहे. इतरांना मात्र ते क्वचितच ठाऊक असते.

ब्यूखीचा जन्म स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावी ११ जुलै १८७९ रोजी झाला. हे गाव यंत्रांचे. तेथील सुल्झर नावाच्या मोठ्या कारखान्यात त्याचे वडील वरिष्ठ अधिकारी होते. त्यामुळे भट्ट्या, चक्रे आणि बाष्पयंत्रे यांचा परिचय त्याला बालपणापासूनच घडला. झुरिच येथील तंत्रविद्यालयातून १९०३ साली तो अभियंता होऊन बाहेर पडला व काही काळ बेल्जियम आणि इंग्लंड या देशांत नोकरीस राहिला.

त्या वेळी त्याच्या मनाला एका गोष्टीने ग्रासले होते. इंजिनात इंधन जळते, त्याच्या जोराने दट्ट्या ढकलला जातो आणि चाक फिरते, हे खरे; परंतु त्या इंधनाच्या उष्णतेचा फार मोठा भाग धुरावाटे व्यर्थ बाहेर जातो. हा तापलेला, वेगवान धूर फुकट का दवडावा? त्याच्या मार्गात एक पंख्यासारखे चक्र ठेवले, तर ते गरगर फिरू लागेल. आणि त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसविले, तर ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरील. लोहाराने भाता जोराने चालविला की भट्टी कशी फुलते, हे मुलांनी पाहिले असेल. हवा अधिक मिळाली की इंधन अधिक जाळता येते. ब्यूखीचे इंजिन जणू आपल्याच धुराच्या बळावर आपला भाता चालविणार होते. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. त्या वेळी तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

कल्पना सुचणे वेगळे आणि ती लोखंडात उतरविणे वेगळे. सुल्झर कारखान्यात परतल्यावर ब्यूखीने प्रयोग आरंभिले. १९१५ साली एक इंजिन तयार झाले. पण त्यात हवेचा दाब पुरेसा टिकेना. धुराच्या तापापुढे त्या काळचे धातूही दुबळे ठरत. वर्षांमागून वर्षे गेली. हा मनुष्य अशक्य गोष्टीच्या मागे लागला आहे, असे कोणास वाटले असल्यास नवल नव्हते.

खरी अडचण निराळीच होती. नुसती हवा कोंबून भागत नाही. सायकलचा पंप जोराने मारला म्हणजे त्याचे खालचे टोक हातास गरम लागते, कारण हवा दाबली की ती तापते. इंजिनात आधीच प्रचंड उष्णता असते. तीत ही भर पडली, तर झडपा जळतात आणि दट्ट्या वितळू लागतो. भाता बेफाम चालविला तर विळ्याचे पातेच जळून जाते, तसाच हा प्रकार. तेव्हा हवा किती भरावी, यापेक्षा इंजिनाला ती सोसेल कशी, हाच मोठा प्रश्न होता.

१९२५ च्या सुमारास ब्यूखीला त्याचे उत्तर सापडले, आणि ते मोठे सुरेख आहे. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा त्याने क्षणभर एकाच वेळी उघड्या ठेवल्या. त्या क्षणात थंड हवेचा एक झोत आत शिरून उरलासुरला धूर हाकलून देई, व जाता जाता दट्ट्या आणि झडपा यांना गार करी. शिवाय एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून त्याने धुराच्या नळ्या वेगवेगळ्या केल्या. लवकरच ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेष्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांवर त्याची यंत्रे बसविण्यात आली. त्यांची १७५० अश्वशक्तीची इंजिने आता २५०० अश्वशक्ती देऊ लागली. पेटंटाच्या दिवसापासून या यशापर्यंत वीस वर्षे लोटली होती!

पुढे मालमोटारी, आगगाड्या व मोठी जहाजे यांनी ब्यूखीची युक्ती स्वीकारली. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूर येथेच त्याचे निधन झाले. टर्बोचार्जर बसविलेली छोटी मोटारगाडी बाजारात आलेली पाहण्याचे मात्र त्याच्या नशिबी नव्हते.

ती १९६२ साली अमेरिकेत आली, आणि जुनी अडचण नव्या रूपाने उभी राहिली. पेट्रोलच्या इंजिनात हवेचा दाब फार वाढला, तर ठिणगीची ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. मग आत हातोड्याचे घाव पडावेत तसे ठोके ऐकू येतात व प्रसंगी दट्ट्याला भोकही पडते. हे टाळण्यासाठी ओल्ड्समोबिल कंपनीच्या ‘जेटफायर’ या गाडीत पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण हवेबरोबर आत सोडीत. त्याची टाकी भरण्यास पुष्कळ मालक विसरत. टाकी रिकामी झाली की हवेचा दाब आपोआप कमी केला जाई आणि गाडी मंदावे. मालक मात्र गाडीलाच दोष देत.

आजही काही हौशी लोक आपल्या गाडीला मूळच्यापेक्षा मोठा टर्बोचार्जर बसवितात, आणि दाबमापकाचा काटा पूर्वीच्याच आकड्यावर आहे म्हणून निर्धास्त राहतात. ही समजूत फसवी होय. मोठे यंत्र तोच दाब देताना हवा कमी तापवू शकते. कमी तापलेली हवा अधिक दाट असते. म्हणजे काटा तोच राहिला, तरी आत जाणारी हवा वाढते. तिच्या प्रमाणात इंधन मिळाले नाही, तर पेट्रोलचे इंजिन तापून बिघडते. मिळाले, तर दट्ट्या, दांडे आणि बेअरिंगे यांवरचा भार वाढतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम दाब कमी ठेवतो, इंधनाचे प्रमाण व धुराचे तापमान तपासतो, ठोक्यांकडे कान देतो, आणि मगच दाब थोडाथोडा वाढवितो. जादा धूर चक्राला वळसा घालून बाहेर काढणारी एक झडपही तो नीट लावून घेतो; ती अडकली, तर दाब कोठवर चढेल याचा नेम नसतो.