आर्सचे विगार संत जॉन मेरी व्हियानी आणि त्यांचा उपवास

ज्युबिलीच्या या पुस्तकांत एक संतचरित्र द्यावें असें ठरलें तेव्हां आम्हीं आर्सचे विगार संत जॉन मेरी व्हियानी यांची निवड केली. धर्मग्रामाचा उत्सव म्हटला म्हणजे जेवणावळी आल्या, आणि त्या असाव्यातही. परंतु ज्या एका पाद्रीनें आपला सारा धर्मग्राम स्वतःच्या उपाशी पोटावर उभा केला, त्याची आठवण अशाच दिवसांत व्हावी हें आम्हांस बरें वाटलें. शिवाय उपवासाविषयीं आमच्या लोकांत दोन गैरसमज आहेत. एक असा कीं, शुक्रवारीं मांस टाळलें म्हणजे झालें. मग त्याच दिवशीं बाजारांतलें सर्वांत मोठें पापलेट तव्यावर पडलें तरी चालतें. (एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण केवळ आमच्या हिंदु शेजाऱ्यांसाठींच आहे असें कोणीं समजूं नये.) दुसरा असा कीं, शरीराला जितकें अधिक छळावें तितका देव अधिक प्रसन्न होतो. व्हियानींच्या चरित्रांत या दोहोंचेंही उत्तर आहे, आणि त्यांतलें दुसरें उत्तर त्यांना स्वतःलाही उशिरांच सांपडलें.

फ्रान्स देशांत लिआँ शहराजवळ दार्दियी नांवाचें खेडें आहे. तेथें ८ मे १७८६ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. हें घर भिकाऱ्यांना सदैव उघडें असे. मुलगा तीन वर्षांचा असतांना फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. पुढें देवळें बंद पडलीं आणि श्रद्धावंत धर्मगुरु लपूनछपून मिस्सा करूं लागले. १७९९ सालीं एक्युली येथें एका घरांत जॉनचा पहिला कम्युनियन झाला. त्या वेळीं आंतला मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

पाद्री होण्याची इच्छा बलवत्तर, पण लॅटिन कांहीं केल्या डोक्यांत शिरेना. तेव्हां १८०६ सालीं ते संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या समाधीच्या यात्रेस ला लूवेस्क येथें पायीं निघाले, आणि वाटेंत भीक मागूनच खाईन असा नवस त्यांनीं केला. धडधाकट तरुण भीक मागतो हें पाहून लोकांनीं त्यांना भामटा समजून दारें लावून घेतलीं. भुकेनें अर्धमेले होऊन ते कसेबसे पोहोंचले. तेथील पाद्रींनीं त्यांचा नवस बदलून दिला: परततांना भीक मागावयाची नाहीं, उलट भिकाऱ्यांस द्यावयाची. भूक म्हणजे काय हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं, असें आम्ही म्हणतों तें यामुळें.

मध्यंतरीं नेपोलियनच्या सैन्यांत झालेली भरती, पलटणीपासून झालेली ताटातूट आणि ले नोए या डोंगरी गांवांत दुसऱ्याच नांवानें काढलेले दिवस, ही एक वेगळीच कहाणी आहे. ती येथें सांगत बसत नाहीं. परीक्षेंत अपयश येऊनही त्यांच्या भक्तीकडे पाहून वरिष्ठांनीं त्यांना स्वीकारलें, आणि १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोब्ल येथें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे गुरु फादर बाले हे एक्युलीचे विगार. व्हियानी त्यांचेच मदतनीस झाले. बाले स्वतः कडक तपस्वी. गुरु आणि शिष्य एकाच घरांत राहून उपवासांत एकमेकांशीं चढाओढ करूं लागले. शेवटीं दोघांनींही वरिष्ठांकडे एकमेकांची तक्रार केली, अशी कथा सांगतात. ऐकून हंसूं येतें खरें, पण पुढच्या साऱ्या गोष्टीचें बीं येथें पेरलें गेलें. १८१७ च्या डिसेंबरांत बाले वारले, आणि १८१८ च्या फेब्रुवारींत व्हियानींना आर्सला धाडण्यांत आलें.

आर्स म्हणजे अवघ्या सुमारें २३० माणसांचें गांव, आणि त्या एवढ्याशा गांवांत दारूचीं दुकानें चार. रविवारीं शेतांत काम, संध्याकाळीं दारू आणि नाच. देऊळ मात्र रिकामें. नव्या विगारांनीं पहिल्या दिवसापासून पहांटेच्या अंधारांत वेदीपुढें गुडघे टेकले आणि आपलें गांव देवाजवळ मागितलें. घरांत होती ती गादी त्यांनीं गरिबाला देऊन टाकली. जेवणाची व्यवस्था अशी: हंडीभर बटाटे एकदांच उकडावयाचे, ते टांगून ठेवावयाचे, आणि भूक असह्य झाली कीं एक किंवा दोन थंड बटाटे खावयाचे. आठवड्याच्या शेवटीं त्यांवर बुरशी येई. तरी तेच खात. कधीं राखेंत भाजलेलें एखादें अंडें. कित्येकदां दोन-दोन, तीन-तीन दिवस अन्नाचा कणही पोटांत जात नसे. गांवच्या बायाबापड्या चांगलें कांहीं करून आणीत. तें दाराशीं येणाऱ्या भिकाऱ्याच्या झोळींत जाई.

हें सारें कशासाठीं? लोकांनीं पहावें म्हणून नव्हे. तोंड धुवून, डोक्यास तेल लावून उपवास करावा ही प्रभूची शिकवण त्यांना ठाऊक होती. लोकांच्या पापांचें प्रायश्चित्त कोणीतरी करावयास हवें, आणि मेंढरें करीत नाहींत तर मेंढपाळानें करावें, एवढाच त्यांचा हिशेब होता. कुमसारास येणाऱ्यांना ते हलकेंसें प्रायश्चित्त सांगत आणि उरलेलें स्वतः फेडीत. आमच्या मतें उपवासाचा ख्रिस्ती अर्थ येथें उघड होतो. जो उपाशी राहतो तो दुसऱ्या कोणासाठींतरी राहतो. एकदां एका पाद्रीनें त्यांच्याजवळ आपल्या लोकांच्या थंडपणाचें गाऱ्हाणें सांगितलें. तुम्हीं उपदेश केला, प्रार्थना केली, हें ठीक. पण उपवास केलात काय, जमिनीवर निजलांत काय, असें त्यांनीं त्यास विचारलें.

स्वतः न खाणाऱ्या या माणसानें दुसऱ्याला मात्र उपाशी ठेविलें नाहीं. १८२४ सालीं त्यांनीं गांवांतल्या मुलींसाठीं प्रॉव्हिडन्स नांवाचें घर उघडलें. तेथें अनाथ मुलींना शिक्षण फुकट आणि जेवणही फुकट. धान्य संपलें म्हणजे विगार स्वतः भीक मागत हिंडत. एकदां माळ्यावर मूठभर गहूं उरले असतां तो माळा भरलेला आढळला, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत प्रसिद्ध आहे.

हळूहळू गांव बदललें. दारूचीं दुकानें एकामागून एक बंद झालीं. मग बाहेरचे लोक येऊं लागले. १८५५ च्या सुमारास वर्षाला सुमारें २०,००० यात्रेकरू येत, आणि विगार दिवसाचे सोळा-सोळा तास कुमसार ऐकत बसत.

आतां ती दुसरी बाजू, जी संतचरित्रांत बहुधा गाळली जाते. अशा उपवासानें त्यांची प्रकृति खालावली. पोटाचीं व डोक्याचीं दुखणीं जडलीं. १८४३ च्या मे महिन्यांत ते मरणाच्या दारांतून परत आले, आणि पुढें डॉक्टरांच्या आग्रहास्तव त्यांना आहार वाढवावा लागला. तोही त्यांनीं निमूटपणें वाढविला, हें आम्हांस त्या बटाट्यांइतकेंच मोठें वाटतें. म्हातारपणीं आपल्या सुरुवातीच्या त्या उपवासांची आठवण निघाली कीं तारुण्यांतला मूर्खपणा म्हणून ते तिची थट्टा करीत. ज्यानें उपवासानें गांव जिंकलें त्यानेंच उपवासाला देव केलें नाहीं. आणि आपला हा मार्ग त्यांनीं शेतांत राबणाऱ्या कुटुंबांवर कधीं लादला नाहीं.

त्यांच्या काळीं चाळीस दिवसांचा कडक उपवास ख्रिस्तसभा सर्वांस सांगत असे. १९६६ सालीं पोप पॉल सहावे यांनीं नियम सौम्य केले. आज राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोनच दिवस बंधनकारक उपवासाचे उरले आहेत, आणि तेही १८ पासून ५९ वर्षांपर्यंतच्या निरोगी माणसांना. आमच्यांतील मधुमेही आजीबाई गुड फ्रायडेला औषध घेऊनही कांहीं खात नाहींत आणि संध्याकाळीं घेरी येऊन पडतात. त्यांना तरी विगार व्हियानींची ही थट्टा कोणीतरी वाचून दाखवावी. आणि ज्यांची प्रकृति ठणठणीत आहे त्यांनीं त्या पापलेटाची किंमत गरिबांच्या पेटींत टाकावयास हरकत नसावी.

१८५९ चा उन्हाळा फार कडक होता. २९ जुलै रोजीं नेहमींप्रमाणें कुमसार ऐकून विगार घरीं परतले ते अंथरुणाला खिळले. ४ ऑगस्ट रोजीं पहांटे दोनच्या सुमारास, वयाच्या ७४ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. पोप पायस अकरावे यांनीं १९२५ सालीं त्यांना संतपद दिलें आणि १९२९ सालीं सर्व विगारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. आर्स येथें त्यांचें साधेंसें घर जसेंच्या तसें जपून ठेविलें आहे. यात्रेकरू त्या स्वयंपाकघरांत जातात आणि चुलीपुढें कांहीं क्षण उभे राहून बाहेर येतात.