घशाखाली न उतरलेला घास

रोजा सुरू होण्यापूर्वी पहाटे जे जेवण केले जाते, त्याला सहरी म्हणतात. दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो, म्हणून सहरीला चार घास जास्त खावेत, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. सातशे वर्षांपूर्वी दिल्लीजवळच्या गियासपूरमध्ये असाच आग्रह एक खादिम, म्हणजे सेवक, आपल्या वयोवृद्ध गुरूंना रोज करत असे. इफ्तारलाही आपण फारसे काही घेतले नाही, आता तरी थोडे खा, असे अब्दुर्रहीम त्यांना विनवी. तेव्हा गुरूंचे डोळे भरून येत. मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर किती गोरगरीब उपाशी झोपले असतील, या विचाराने घास घशाखाली उतरत नाही, असे ते सांगत. ताट बहुधा तसेच परत जाई.

हे गुरू म्हणजे हजरत निजामुद्दीन औलिया (रह.). ते केवळ रमजानमध्येच नव्हे, तर जवळपास वर्षभर रोजे ठेवत.

त्यांचा जन्म 1238च्या सुमारास आजच्या उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे झाला. आजी-आजोबांची घराणी बुखाऱ्याहून आलेली. वडील लहानपणीच वारले आणि आई बीबी जुलैखा यांनी मुलांना वाढवले. घरात दाणा नसेल त्या दिवशी ही माउली मुलांना सांगे, की आज आपण अल्लाहचे पाहुणे आहोत. छोट्या निजामुद्दीनला हे पाहुणेपण इतके आवडे, की घरात सलग काही दिवस धान्य असले, तर पुन्हा पाहुणे कधी व्हायचे, असे तो विचारी. पुढे बादशहांसमोरही न झुकलेल्या माणसाची जडणघडण अशी उपाशी घरात झाली. ज्याला भुकेची भीती उरली नाही, त्याला कशाची भीती घालणार?

शिक्षणासाठी आई आणि बहिणीसह ते दिल्लीत आले. बुद्धी इतकी तल्लख, की वादविवादात मोठमोठ्यांना ते निरुत्तर करत. काझी व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पण विशीत ते अजोधनला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पाकपट्टनला, बाबा फरीद यांच्याकडे गेले. ज्यांची वचने पुढे गुरू ग्रंथसाहिबमध्ये समाविष्ट झाली, तेच हे बाबा फरीद.

एकदा बाबा एका जुन्या हस्तलिखितातून शिकवत होते. प्रत सदोष असल्याने ते अडखळत होते. दिल्लीत या ग्रंथाची चांगली प्रत आहे, असे निजामुद्दीन सहज बोलून गेले. त्या बोलण्यात विद्वत्तेचा तोरा आहे, असे बाबांना वाटले आणि ते नाराज झाले. शिष्याला इतका पश्चात्ताप झाला, की ते रडत रानोमाळ भटकले. अखेर बाबांच्या मुलाने मध्यस्थी केली, तेव्हा क्षमा मिळाली. दिल्लीच्या विद्वानांना हरवणारा तरुण त्या दिवशी स्वतःशी हरला आणि खरा मुरीद झाला.

तिथे त्यांना आणखी एक शिकवण मिळाली. ज्यांचे देणे आहे, त्यांना आधी संतुष्ट करावे. दिल्लीतल्या एका कापड व्यापाऱ्याचे वीस जितल, म्हणजे त्या काळची किरकोळ नाणी, त्यांच्याकडून येणे होते. कोणाचे तरी उसने आणलेले एक पुस्तकही हरवले होते. परतल्यावर दहा जितल जमले, तेवढे घेऊन ते व्यापाऱ्याकडे गेले. त्याने उरलेले दहा माफ केले. पुस्तकाच्या मालकाला त्यांनी नवी प्रत लिहून देण्याचे वचन दिले, तेव्हा त्यानेही पुस्तकावरचा हक्क सोडला. इबादतीच्या वाटेवरचे पहिले पाऊल असे उधारी फेडण्याचे होते.

पुढे गियासपूरला त्यांची खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, उभी राहिली. तिथल्या लंगरमध्ये कोणालाही जात-धर्म न विचारता जेवण मिळे. भेटी, धान्य, पैसा यांचा ओघ असे. पण आलेले सारे वाटले जाई. दर शुक्रवारी नमाजला निघण्यापूर्वी कोठारे रिकामी करून झाडून घेतली जात. एकदा उन्हाळ्यात वस्तीला आग लागली. ती विझेपर्यंत वृद्ध निजामुद्दीन छतावर अनवाणी उभे राहिले. नंतर त्यांनी जळालेली घरे मोजायला लावली आणि प्रत्येक घरी जेवण, थंड पाणी आणि चांदीचे दोन टंके पाठवले.

दिल्लीच्या तख्तावर त्यांच्या डोळ्यांदेखत अनेक सुलतान आले आणि गेले. दरबाराची पायरी मात्र त्यांनी चढली नाही. 1320मध्ये खुसरोखानाने तख्त बळकावले आणि मान्यता मिळवण्यासाठी सूफींना पैसे वाटले. निजामुद्दीन यांच्याकडे आलेले पाच लाख टंके त्यांनी लगेच गरिबांत वाटून टाकले. पुढे गियासुद्दीन तुघलकाने ती रक्कम परत मागितली. तेव्हा त्यांनी कळवले, की पैसा जनतेचा होता आणि तो जनतेलाच पोहोचला. सुलतान रागावला. पण ज्याच्या घरात काही शिल्लकच नाही, त्याच्याकडून वसूल काय करणार?

1325च्या एप्रिलमध्ये अखेरचा समय जवळ आला. घरात दाणाही ठेवू नका, असे त्यांनी बजावले होते. तरी एका सेवकाने खानकाहमधील लोकांसाठी थोडे धान्य मागे ठेवले. हे कळताच त्यांनी कोठार उघडून सारे धान्य गरिबांना न्यायला लावले आणि रिकामी जागा झाडून घेतली.

त्यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब पुढे दौलताबादला आले. त्यांची आणि गुरूंचे संवाद लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिजझी यांची कबर आपल्या खुलताबादला आहे. दिल्लीचा हा वारसा अशा रीतीने मराठी मुलखात पोहोचला.

निजामुद्दीन यांच्या आयुष्यात कणखरपणा, नम्रता आणि प्रेम या वेगवेगळ्या गोष्टी नव्हत्या. स्वतःसाठी काही राखायचे नाही, या एकाच निश्चयातून तिन्ही आल्या. म्हणून ते सुलतानाला घाबरले नाहीत आणि भुकेल्याला विसरले नाहीत. रोजाची भूक आपल्याला संध्याकाळपर्यंतच सोसायची असते, कारण इफ्तारची वेळ ठरलेली असते. ज्याच्या भुकेला अशी ठरलेली वेळ नाही, असा कोणी आपल्या गल्लीत आहे का, हे पाहणे हाही रोजाचाच भाग आहे.