ताल टिपणारा इंजिनीअर

गॅदरिंगमध्ये बँड वाजत असताना फोटो काढलाय कधी? ड्रमरचे हात म्हणजे नुसता धुरकट पट्टा येतो. फ्लॅश मारला तर हात स्पष्ट, पण ड्रमरचा पार पुतळा! मग वेग फोटोत आणायचा कसा? ८० वर्षांपूर्वी एका इलेक्ट्रिकल इंजिनीअरनं हे करून दाखवलं. ग्यॉन मिली त्याचं नाव.

मिली १९०४ मध्ये अल्बेनियात जन्मला, रोमानियात वाढला आणि १९२३ मध्ये अमेरिकेत आला. एमआयटीत शिकून वेस्टिंगहाउस कंपनीत दिव्यांवर संशोधन करू लागला. फोटोग्राफी मात्र स्वतःची स्वतःच शिकला. एमआयटीतले प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन तेव्हा विजेच्या स्ट्रोब फ्लॅशवर काम करत होते. क्षणाच्याही बारीक तुकड्यात लखकन चमकून विझणारा हा प्रकाश मिलीनं नर्तक, खेळाडू आणि जॅझवाल्यांवर टाकला.

युक्ती साधी होती. स्टुडिओत अंधार, मागे काळा पडदा, कॅमेऱ्याचं शटर उघडंच. फ्लॅश ठरावीक अंतरानं चमकत राहतो आणि दर वेळी एक प्रतिमा त्याच निगेटिव्हवर उमटते. १९४१ मध्ये ड्रमर जीन क्रुपा त्याच्यासमोर बसला. फोटोत त्याच्या काठ्यांचा पंखाच पसरला! काठी जोरात फिरली तिथे प्रतिमा विरळ, मंदावली तिथे दाट. म्हणजे लय चक्क डोळ्यांनी दिसते.

न्यूयॉर्कमधल्या त्याच्या स्टुडिओत मग जॅझच्या मैफली रंगू लागल्या. १९४४ मध्ये त्यानं वॉर्नर ब्रदर्ससाठी ‘जॅमिन द ब्लूज’ ही दहा मिनिटांची फिल्म केली. सॅक्सोफोनवर लेस्टर यंग, आणि सगळ्या कृष्णवर्णीय वादकांत एकच गोरा, गिटारिस्ट बार्नी केसेल. गोरे-काळे एकत्र वाजवताना दिसणं तेव्हा हॉलिवूडला खपत नव्हतं. पण वादक जमवणारा नॉर्मन ग्रॅन्झ केसेलला काढायला तयार होईना. शेवटी केसेल राहिला, पण सावलीत! सावल्या हीच या फिल्मची शैली असल्यानं ते खपून गेलं. फिल्मला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

१९४९ मध्ये त्यानं पिकासोच्या हातात छोटा दिवा देऊन अंधारात चित्रं काढून घेतली. १९८४ मध्ये तो गेला, तोवर ‘लाइफ’ मासिकासाठी चार दशकांहून जास्त काम झालं होतं. क्रुपाचा तो फोटो नेटवर नक्की शोधा. आणि बघताना काठ्यांमधली अंतरं मोजा!