हेलनचा अल्जिब्राचा पेपर

हेलन केलर म्हटलं की बहुतेकांना पाण्याच्या पंपाची गोष्ट आठवते. एका हातावर पडणारं गार पाणी, दुसऱ्या तळहातावर बोटांनी लिहिलं जाणारं 'वॉटर' आणि चिमुरड्या हेलनला लागलेला शब्दांचा शोध. आपल्यापैकी अनेकांची हेलन तिथेच थांबते, सहा वर्षांची.

पण मंडळी, हेलन पुढे कॉलेजलाही गेली. लेक्चर्स, नोट्स, एन्ट्रन्स, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं टेन्शन, हे सगळं तिच्याही वाट्याला आलं.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कम्बिया गावचा. १९ महिन्यांची असताना मोठं आजारपण आलं आणि तिची दृष्टी आणि ऐकू येणं दोन्ही गेलं. मार्च १८८७ मध्ये अ‍ॅन सुलिव्हन तिला शिकवायला आली. अ‍ॅन तेव्हा जेमतेम २० वर्षांची होती. लहानपणी तिचेही डोळे अधू झाले होते, ऑपरेशननंतर थोडंफार दिसायला लागलं होतं. ती प्रत्येक शब्दाची अक्षरं बोटांच्या खुणांनी हेलनच्या तळहातावर उमटवायची. याच भाषेत हेलन शिकली.

लेक्चर तळहातावर

त्या काळी हार्वर्डमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी शेजारीच रॅडक्लिफ कॉलेज होतं आणि तिथे शिकवायला हार्वर्डचे प्राध्यापक यायचे. हेलनला तिथेच जायचं होतं. त्या तयारीसाठी १८९६ मध्ये तिने केंब्रिज शहरातल्या मुलींच्या शाळेत नाव घातलं.

वर्गात अ‍ॅन शेजारी बसायची आणि शिक्षक बोलतील ते भराभर हेलनच्या हातावर लिहायची. आता विचार करा, ज्या हाताने ऐकायचं तोच हात नोट्स काढायला कसा मोकळा असणार? त्यामुळे हेलनच्या नोट्स वर्गात कधी झाल्याच नाहीत. घरी येऊन आठवेल तेवढं ती टाइप करायची. पुस्तकांची वेगळीच रड. हवी ती पुस्तकं ब्रेलमध्ये मिळायची नाहीत, मुद्दाम तयार करून घ्यावी लागायची. तोवर अ‍ॅन पानं वाचून हातावर लिहून दाखवणार. मैत्रिणींचा अभ्यास उरकायचा तेव्हा हेलनचं अर्धंही झालेलं नसायचं.

शाळेतल्या दोन व्यक्तींनी मात्र एक गोष्ट केली. मुख्याध्यापक आर्थर गिलमन आणि जर्मनच्या शिक्षिका यांनी बोटांची भाषा शिकून घेतली. १८९७ मध्ये प्रवेश परीक्षेचा पहिला टप्पा झाला. टाइपरायटरच्या आवाजाचा बाकीच्यांना त्रास नको म्हणून हेलनला वेगळी खोली दिली. गिलमन प्रश्न हातावर लिहून सांगत, ती उत्तरं टाइप करी. सगळ्या विषयांत पास, शिवाय जर्मन आणि इंग्रजीत विशेष प्रावीण्य!

नियम बदलला

दुसरा टप्पा जून १८९९ मध्ये होता. मधल्या काळात शाळा सुटली होती, खाजगी शिक्षकाकडे अभ्यास चालू होता. या वेळी अ‍ॅनने पेपर वाचून दाखवायचा नाही, असा नियम कॉलेजने घातला. एका अर्थी ते समजण्यासारखं आहे. अ‍ॅनच उत्तरं सांगते, अशी शंका घेणारे तेव्हाही होतेच. मग पर्किन्स या अंधांच्या शाळेतल्या एका शिक्षकाला प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवायचं काम दिलं.

वरवर पाहता सोय झाली. गोची झाली ती अल्जिब्रात. त्या काळी अमेरिकेत ब्रेलचे वेगवेगळे प्रकार चालायचे. साधा मजकूर हेलनला सगळ्यांत वाचता यायचा, पण गणिताची चिन्हं प्रत्येकात निराळी. तिने अल्जिब्रा केला होता इंग्लिश ब्रेलमध्ये आणि पेपर येणार होता अमेरिकन ब्रेलमध्ये! हे कळलं परीक्षेच्या दोन दिवस आधी, नमुना म्हणून जुना पेपर हातात पडला तेव्हा. तिने लगेच पत्र पाठवून चिन्हांचा तक्ता मागवला. आदल्या रात्री आपण उजळणी करतो, तेव्हा ती कंस आणि वर्गमुळाच्या नव्या खुणा पाठ करत बसली होती. दुसऱ्या दिवशी सोबतीला कोणी ओळखीचं नाही, बोटांची भाषा येणारं कोणी नाही.

तरीही ती पास झाली.

इथे टाळ्या वाजवून पुढे जाणं सोपं आहे. पण त्या दिवशी हेलनची परीक्षा नेमकी कशाची झाली? अल्जिब्रा तर तिला येत होता. अडला तो पेपर कसा दिला यावर, आणि ते तिच्या हातात नव्हतं. अमेरिका आणि ब्रिटनने एकसारखी इंग्रजी ब्रेल मान्य करायला १९३२ साल उजाडलं.

डिग्री एकीलाच

१९०० मध्ये हेलन रॅडक्लिफमध्ये दाखल झाली. लेखक मार्क ट्वेनच्या ओळखीने हेन्री रॉजर्स या तेलसम्राटाने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. वाचून दाखवायला अ‍ॅन होतीच, रोज तासन् तास, आपले अधू डोळे ताणत. म्हणजे हेलनचं कॉलेज एका श्रीमंताच्या पैशावर आणि एका बाईच्या डोळ्यांवर चाललं होतं. यातलं एक जरी नसतं तर? कॉलेज करत असतानाच हेलनने आत्मचरित्र लिहिलं, ते १९०३ मध्ये पुस्तकरूपात आलं. १९०४ मध्ये ती ऑनर्ससह बी. ए. झाली. पदवी मिळवणारी ती पहिली बहिरी-अंध व्यक्ती. चार वर्षं प्रत्येक लेक्चरला बसलेल्या अ‍ॅनला मात्र डिग्री नव्हती.

पुढे हेलनने लिहिलं, भाषणं दिली, अंधांसाठी निधी उभारला, देशोदेशी फिरली. १९५५ मध्ये ती भारतातही आली होती. १ जून १९६८ ला ती गेली.

आणि आपल्याकडे?

आज आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रायटर घेता येतो आणि तासामागे किमान २० मिनिटं जास्त मिळतात. हेलनला जे ओळखीपाळखीने मिळवावं लागलं, ते आज कागदावर हक्क म्हणून लिहिलेलं आहे.

कागदावरचं आपल्या कॉलेजात उतरलंय का, हे बघायला फार वेळ लागत नाही. लायब्ररीतल्या एखाद्या कम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे का? परीक्षेसाठी रायटर कॉलेज शोधून देतं, की त्या मुलानेच आदल्या आठवड्यात सगळ्यांना फोन करत बसायचं? सरांची पीपीटी त्याला वाचता येईल अशी मिळते का? एकदा ऑफिसात जाऊन विचारा. आणि कुणी रायटर म्हणून येशील का, असं विचारलं, तर तीन तास काढा. तेवढ्या वेळात त्याची परीक्षा फक्त त्या विषयाची होईल.