शिष्यवृत्तीवर शिकलेले बाबासाहेब

घटनेचे शिल्पकार म्हणून आपण बाबासाहेबांना वंदन करतो. परंतु ते मुळात सरकारी तिजोरीचे अभ्यासक होते, हे विसरतो. परळच्या चाळीत राहून ते १९१२ साली बी. ए. झाले. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए.च्या प्रबंधासाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार हा विषय घेतला. राज्यकर्ते रयतेकडून किती घेतात आणि तिला परत किती देतात, हे त्यांनी तपासले.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी. मिळवली.

१९४२ साली मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

याच शिष्यवृत्तीवरील मुलांची फी-सवलत टिकावी म्हणून २०१८ साली देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना संप करावा लागला. मुदत संपली म्हणून शिक्षण तुटण्याचे दुःख बाबासाहेबांनी भोगले होते. ते आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतील पदवीधरांनो, धोरणशास्त्राकडे वळा, अंदाजपत्रक वाचायला शिका. आपल्या वाट्याचा पैसा कुठे अडतो, हे ज्याला कळते तोच तो मागू शकतो.

जयभीम!